हात न लावता मेल आणि इंटरनेट: आवाजावर संगणक चालवायला शिकताना

संधिवाताने बोटं आखडलेली माणसं, पक्षाघातानंतर एकाच हातावर निभावणारे, कंपवातामुळे ज्यांना माउस स्थिर धरता येत नाही ते, आणि वर्षानुवर्षं टायपिंग करून मनगटं कामातून गेलेले माझ्यासारखे लोक. मेल आणि इंटरनेट या सगळ्यांनाच लागतं. बँकेचा मेल आलेला असतो, विम्याचा फॉर्म भरायचा असतो, परदेशातल्या नातीला चार ओळी लिहायच्या असतात. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, "तू नुसतं सांग, मी टाइप करून देतो." प्रेमानेच म्हणतात. पण आपलं पत्र आपण उघडावं, आपलं उत्तर आपण पाठवावं, यातली मोकळीक दुसऱ्याच्या हाताने मिळत नाही. म्हणूनच मला वाटतं की ज्याला गरज आहे त्या प्रत्येकाने हे शिकून घ्यावं.

आता त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज उरलेली नाही. विंडोज ११, मॅक, अँड्रॉइड आणि आयफोन या चारही ठिकाणी आवाजाने सगळं चालवायची सोय फुकट मिळते. या लेखात मी मुख्यतः विंडोज ११ मधल्या 'व्हॉइस अ‍ॅक्सेस'बद्दल सांगणार आहे. ब्राउझर म्हणून क्रोम किंवा एज आणि मेलसाठी जीमेल धरलं आहे, कारण बहुतेकांकडे तेच असतं. फोनबद्दल पुढे थोडक्यात येईल.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या

तुम्ही माईकसमोर जे बोलता ते दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे आज्ञा: 'हे उघड', 'खाली सरक', 'ते बटण दाब'. दुसरा म्हणजे मजकूर, जो जसाच्या तसा लिहिला जावा अशी तुमची इच्छा असते. नवशिक्यांच्या दहातल्या आठ अडचणी या दोन्हींच्या सरमिसळीतून येतात. संगणक मजकुराला आज्ञा समजतो किंवा आज्ञाच मेलमध्ये लिहून मोकळा होतो.

विंडोजमध्ये यासाठी तीन मोड आहेत. मुळातल्या मोडमध्ये दोन्ही चालतं: बोललेलं आज्ञेशी जुळलं तर कृती होते, नाही जुळलं तर ते टाइप होतं. 'कमांड मोड' म्हटलं की फक्त आज्ञा ऐकल्या जातात, 'डिक्टेशन मोड' म्हटलं की भर मजकूर लिहिण्यावर असतो, आणि 'डिफॉल्ट मोड' म्हटलं की पुन्हा पहिल्यासारखं. नुसतं वाचत, लिंका उघडत फिरायचं असेल तेव्हा 'कमांड मोड'मध्येच राहा. शेजारच्या खोलीतून कुणी काही विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलंत, तरी ते कुठल्या चौकटीत जाऊन पडणार नाही.

दुसरी सवय वाक्यागणिक थांबण्याची. बोला, पडद्यावर काय झालं ते बघा, मग पुढचं बोला. एकामागून एक चार आज्ञा सोडल्या आणि पहिलीच चुकली, तर उरलेल्या तीन भलत्याच ठिकाणी लागू होतात.

माईक आणि खोली

यावर थोडा खर्च करा. लॅपटॉपच्या आतल्या माईकला लॅपटॉपचा पंखा, डोक्यावरचा पंखा, कुकरची शिट्टी, हॉलमधली मालिका असं सगळं सारखंच ऐकू येतं. यूएसबी वायरचा साधा हेडसेट घ्या. त्याची दांडी तोंडासमोर धरू नका, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला ठेवा, म्हणजे 'प', 'फ' म्हणताना श्वास माईकवर आपटत नाही. ब्लूटूथचे इअरबड सोयीचे वाटतात खरे, पण त्यांचा माईक चालू झाला की आवाजाची प्रत बऱ्याचदा उतरते. पर्याय असेल तर वायरच बरी.

हेडसेट लावल्यावर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड असं जा आणि इनपुटखाली तोच हेडसेट निवडलेला आहे ना ते बघा. लॅपटॉपचा माईकच निवडलेला राहतो आणि माणूस आठवडाभर आपल्या उच्चारांना दोष देत बसतो, असं फार वेळा घडतं.

उच्चारांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 'प्रत्येक शब्द सुटा सुटा, ठासून बोला' हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. एके काळी तो बरोबर होता. १९९० साली आलेल्या ड्रॅगन डिक्टेट या बोलून लिहिण्याच्या सॉफ्टवेअरला दोन शब्दांमध्ये खरोखरच थांबावं लागायचं. सलग बोलणं समजणारं ड्रॅगन नॅचरली स्पीकिंग १९९७ साली आलं. ते करणाऱ्या कंपनीचे संस्थापक जेम्स आणि जॅनेट बेकर हे आंध्रातून अमेरिकेत गेलेले संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी यांचे विद्यार्थी. आपल्याकडच्या माणसाचा या विद्येशी इतका जुना संबंध आहे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. आजची सॉफ्टवेअरं मागचापुढचा शब्द बघून अंदाज बांधतात, त्यामुळे शब्द तोडून बोललं की उलट जास्त चुका होतात. आपल्या नेहमीच्या चालीत, अख्खा वाक्यांश एका दमात बोला. ओरडू नका आणि अमेरिकन उच्चारांची नक्कल तर अजिबात करू नका.

चालू करणं

विंडोज ११ ची २२एच२ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. विंडोज १० मध्ये हे नाही. तिथे जुनं स्पीच रेकग्निशन आहे, पण विंडोज १० चा अधिकृत आधारच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा नव्याने शिकणाऱ्याने ११ वरच शिकावं.

सेटिंग्ज उघडा, डावीकडे अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात स्पीच, आणि तिथे व्हॉइस अ‍ॅक्सेसचं बटण चालू करा. पहिल्या वेळी भाषेची फाइल उतरवून घ्यावी लागते, तेवढ्यापुरतं इंटरनेट हवं. नंतर तुमचा आवाज तुमच्याच संगणकावर ओळखला जातो, बाहेर जात नाही. भाषा निवडताना इंग्लिश-इंडिया घ्या. आपल्या बोलण्याला तीच सगळ्यात जवळची.

त्याच पानावर, साइन-इन केल्यावर व्हॉइस अ‍ॅक्सेस आपोआप सुरू व्हावं असा पर्याय आहे. ज्यांचे हात अजिबात चालत नाहीत त्यांच्यासाठी हा पर्याय पहिल्याच दिवशी कुणाकडून तरी चालू करून घ्या. नाहीतर रोज सकाळी संगणक आवाजावर आणण्यासाठी कुणाची तरी वाट बघावी लागेल.

सुरू झालं की पडद्याच्या वरच्या कडेला एक आडवी पट्टी येते. तुम्ही बोललेलं तिला काय ऐकू आलं ते त्या पट्टीवर दिसतं. काही बिनसलं की आधी तिकडे बघा: चुकीचं ऐकलंय, की बरोबर ऐकूनही झालेलं नाही? पहिल्या बाबतीत पुन्हा बोला. दुसऱ्या बाबतीत पुन्हा बोलून उपयोग नाही, दुसरी वाट शोधा.

माईक झोपवायला 'व्हॉइस अ‍ॅक्सेस स्लीप', उठवायला 'व्हॉइस अ‍ॅक्सेस वेक अप'. फोन आला, कुणी दारात आलं की आधी झोपवा, मग बोला. एखादी कळ दाबणं जमत असेल तर अल्ट, शिफ्ट आणि बी एकत्र दाबूनही माईक चालू-बंद होतो. आज्ञा आठवली नाही तर 'व्हॉट कॅन आय से' म्हणा, पूर्ण यादी उघडते.

ब्राउझरमध्ये फिरणं

सुरुवातीला मेलकडे जाऊच नका. दोन-तीन दिवस नुसतं वाचन करा. रोजचं वर्तमानपत्र, पाककृती, क्रिकेटचा स्कोअर, काहीही. वाचताना चूक झाली तर काही बिघडत नाही, म्हणून जीभ मोकळी होते.

'ओपन क्रोम' म्हणा. 'प्रेस कंट्रोल एल' म्हटलं की कर्सर वरच्या पत्त्याच्या पट्टीत जातो. जे शोधायचं ते बोला, मग 'प्रेस एंटर'. वाचताना 'स्क्रोल डाउन', 'स्क्रोल अप'. लांबलचक लेख असेल तर 'स्टार्ट स्क्रोलिंग डाउन' म्हणून सोडून द्या, पान आपलं सरकत राहतं, थांबवायला 'स्टॉप स्क्रोलिंग'. मागे जायला 'क्लिक बॅक', नव्या टॅबसाठी 'प्रेस कंट्रोल टी', टॅब बंद करायला 'प्रेस कंट्रोल डब्ल्यू'. चुकून नको तो टॅब बंद झाला तर 'प्रेस कंट्रोल शिफ्ट टी' तो परत आणतं. हे शेवटचं पाठच करून ठेवा.

लिंक उघडायला 'क्लिक' आणि लिंकचं नाव. एकाच नावाच्या दोन-तीन लिंका असल्या तर प्रत्येकीवर आकडा येतो, हवा तो म्हणायचा.

पण नाव मराठीत असेल तर? इथे आपल्या लोकांची गाडी अडते. व्हॉइस अ‍ॅक्सेस इंग्रजी ऐकतंय आणि पडद्यावर लिंक आहे 'ताज्या बातम्या'. म्हणून आपल्याला सर्वात उपयोगी पडणारी आज्ञा म्हणजे 'शो नंबर्स'. ती म्हटली की पडद्यावरच्या दाबता येण्याजोग्या प्रत्येक गोष्टीवर आकडा चढतो. 'क्लिक २३' म्हटलं की झालं. भाषा कुठलीही असो, नाव विचित्र असो, बटणावर नुसतं चित्र असो, आकडा सगळीकडे चालतो. आकड्यांची फार गर्दी झाली तर 'प्रेस कंट्रोल प्लस' म्हणून पान मोठं करा, म्हणजे एका वेळी कमी गोष्टी दिसतात आणि आकडे सुटे होतात. आकडे घालवायला 'हाइड नंबर्स'.

काही ठिकाणी आकडाही येत नाही. नकाशावरचा ठिपका, किंवा कुणीतरी निष्काळजीपणे बनवलेलं बटण. तिथे 'शो ग्रिड' म्हणा. पडद्यावर नऊ चौकोनांची जाळी येते. हवी ती जागा ज्या चौकोनात आहे त्याचा आकडा म्हणा, तेवढ्याच भागाची पुन्हा नऊ चौकोनांची जाळी होते. असं दोन-तीनदा करत बरोबर जागेवर पोचलात की 'क्लिक'. वेळ लागतो, पण कुठेच अडून राहावं लागत नाही.

क्रोममधली एक युक्ती फारशी कुणी सांगत नाही. इंग्रजी पानावर शेकडो लिंका असतील तर 'प्रेस कंट्रोल एफ' म्हणा, लिंकमधला एखादा शब्द बोला, तो रंगला की 'प्रेस एस्केप' आणि लगेच 'प्रेस एंटर'. शोधलेला शब्द लिंकमध्ये असेल तर ती लिंक उघडते. सरकारी संकेतस्थळांच्या लांबच लांब याद्यांमध्ये मी हेच वापरते.

जीमेल आधी नीट लावून घ्या

मेलला हात घालण्यापूर्वी जीमेलच्या सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी बघायच्या आहेत. गिअरच्या चित्रावर जाऊन 'सी ऑल सेटिंग्ज' उघडा. तिन्ही गोष्टी पहिल्याच जनरल नावाच्या टॅबमध्ये आहेत.

पहिली, 'अनडू सेंड'. पाठवलेला मेल मागे घ्यायला किती सेकंद मिळावेत ते इथे ठरतं: ५, १०, २० किंवा ३०. डोळे मिटून ३० करा. हातांनी काम करणाऱ्याला पाच सेकंद पुरतात. आपल्याला चूक दिसायला, आज्ञा आठवायला आणि ती ओळखली जायला वेळ हवा.

दुसरी, कीबोर्ड शॉर्टकट. हे मुळात बंद असतात आणि माझं स्पष्ट मत आहे की ते बंदच ठेवावेत. अनेक मार्गदर्शिका नेमकं उलट सांगतात, म्हणून कारण देते. हे शॉर्टकट एकेका अक्षराचे आहेत: सी म्हणजे नवा मेल, आर म्हणजे उत्तर, ई म्हणजे मेल इनबॉक्समधून काढून अर्काइव्हमध्ये टाकणं, एस म्हणजे तारा लावणं. आता समजा तुम्ही मेल वाचताय, कर्सर कुठल्याच चौकटीत नाही, आणि 'सी' हा बघण्याच्या अर्थाचा इंग्रजी शब्द मजकूर म्हणून पानावर पडला. त्याची अक्षरं एस, ई, ई. एसने मेलला तारा लागला, ई ने मेल इनबॉक्समधून नाहीसा झाला. तुम्हाला फक्त एवढंच दिसतं की समोरचा मेल गेला. एका शब्दाने हे होतं, तर एका वाक्याने काय होईल! आवाजाने काम करणाऱ्यांचा हा त्रास इतका खरा आहे की २०१८ साली वेबच्या सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं नवी झाली, त्यांच्या २.१ आवृत्तीत एकेरी अक्षरांचे शॉर्टकट बंद करता आले पाहिजेत किंवा बदलता आले पाहिजेत असा वेगळा निकष घातला गेला. शिवाय इंग्रजी अक्षरांचे उच्चार एकमेकांशी इतके जुळतात की 'प्रेस जे' म्हणावं आणि 'के' ऐकू जावं हे नेहमीचंच.

तिसरी, भाषा. जीमेल मराठीत लावलेलं असेल तर 'क्लिक सेंड' चालणार नाही, कारण त्या बटणाचं नावच 'पाठवा' आहे. आज्ञा इंग्रजीत द्यायच्या तर बटणंही इंग्रजीत हवीत. मला स्वतःला सगळं मराठीत बघायला आवडतं, तरीही इथे मी इंग्रजी ठेवते. ज्यांना इंग्रजी बटणं नकोतच त्यांनी मराठी ठेवावं आणि प्रत्येक वेळी 'शो नंबर्स' वापरावं, तेही चांगलं चालतं. मेलचा मजकूर मराठीत लिहायला याने काहीच आडकाठी येत नाही.

शेवटी 'स्क्रोल डाउन' करत पानाच्या तळाशी जा आणि 'क्लिक सेव्ह चेंजेस' म्हणा. हे विसरलात तर वरचं सगळं वाया.

एक मेल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा सोसायटीच्या सचिवांना पाण्याच्या टाकीबद्दल इंग्रजीत दोन ओळी पाठवायच्या आहेत. मी काय काय बोलते ते क्रमाने देते.

'क्लिक कंपोज'. नव्या मेलची खिडकी उघडते आणि कर्सर पत्त्याच्या चौकटीत असतो. तो तिथे लुकलुकतोय हे बघून घ्या.

आता नाव. आपली आडनावं इंग्रजी ऐकणाऱ्या सॉफ्टवेअरला झेपत नाहीत, 'क्षीरसागर' म्हटलं की काय उमटेल याचा नेम नाही. म्हणून माझ्या संपर्कयादीत मी ज्यांना वारंवार लिहिते त्यांच्या नावापुढे एक सोपा इंग्रजी शब्द जोडून ठेवला आहे: सेक्रेटरी, डॉक्टर, ट्रॅव्हल. 'सेक्रेटरी' म्हटलं की खाली बरोबर नाव सुचवलं जातं. ते नीट वाचायचं, मगच 'प्रेस एंटर'. पत्ता चुकला तर पुढचं सगळं चुकलं.

'प्रेस टॅब'. कर्सर विषयाच्या चौकटीत येतो. 'वॉटर टँक क्लीनिंग' म्हणते. पुन्हा 'प्रेस टॅब', आता मुख्य मजकुराची चौकट.

इथे 'डिक्टेशन मोड' म्हणते आणि मजकूर बोलते. विरामचिन्हं बोलून घालायची: 'कॉमा', 'फुल स्टॉप', 'क्वेश्चन मार्क', नवी ओळ हवी तर 'न्यू लाइन', नवा परिच्छेद हवा तर 'न्यू पॅराग्राफ'. सेटिंग्जमध्ये विरामचिन्हं आपोआप घालायचाही पर्याय आहे, पण तो श्वास घ्यायला थांबलं तरी वाक्य संपवतो असा माझा अनुभव, म्हणून मी तो बंद ठेवते.

चूक झाली तर 'स्क्रॅच दॅट' म्हणा, शेवटचं बोललेलं पुसलं जातं. एखादाच शब्द चुकला असेल तर 'सिलेक्ट' आणि तो शब्द, मग 'करेक्ट दॅट'. पर्यायांची यादी येते, आकडा म्हणून निवडा. यादीत बरोबर शब्द नसेल तर 'स्पेल दॅट' म्हणून अक्षरं एकेक करून सांगता येतात. आणि मजकुरात आज्ञेसारखाच शब्दसमूह लिहायचा असेल, उदाहरणार्थ 'सिलेक्ट ऑल', तर आधी 'टाइप' म्हणायचं: 'टाइप सिलेक्ट ऑल'.

मजकूर झाला की 'डिफॉल्ट मोड'. आता पाठवण्याआधी वाचायचं, आणि वाचायचं म्हणजे खरंच वाचायचं. टायपिंगची चूक डोळ्यांना खुपते, कारण शब्दच वेडावाकडा दिसतो. आवाजाची चूक लपून राहते, कारण चुकीचा शब्दही शुद्ध, अर्थपूर्ण इंग्रजी शब्दच असतो. तुम्ही 'कॅन' म्हणालात आणि 'कान्ट' उमटलं तर स्पेलिंग तपासणारं लाल रेघ ओढणार नाही, पण तुमच्या पत्राचा अर्थ उलटा झालेला असेल. पैशांचे आकडे, तारखा, नकारार्थी शब्द आणि माणसांची नावं, या चार ठिकाणी नजर थांबलीच पाहिजे.

मग 'प्रेस कंट्रोल एंटर' किंवा 'क्लिक सेंड'. डाव्या कोपऱ्यात खाली 'अनडू' दिसत राहील. त्या अर्ध्या मिनिटात काही आठवलं तर 'क्लिक अनडू'.

आलेले मेल उघडायला 'शो नंबर्स' आणि आकडा. उत्तराला 'क्लिक रिप्लाय'. आउटलुक वापरत असाल तर नव्या मेलला 'प्रेस कंट्रोल एन', उत्तराला 'प्रेस कंट्रोल आर', बाकी सगळं असंच.

मराठीत लिहायचं असेल तर

विंडोजमध्ये मराठी बोलून लिहिता येतं, पण ती वेगळी सोय आहे: व्हॉइस टायपिंग. ती विंडोजची कळ आणि एच एकत्र दाबून उघडते आणि तिला इंटरनेट लागतं. इथे तुमचा आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तेव्हा बँकेची माहिती किंवा वैद्यकीय तपशील असं काही मराठीत सांगायचं असेल तर याचा विचार करा.

आधी सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजमधून मराठी भाषा जोडून घ्या. मग मेलच्या चौकटीत कर्सर ठेवा आणि व्हॉइस अ‍ॅक्सेसचा माईक बंद करा. दोन सॉफ्टवेअरं एकाच वेळी ऐकत राहिली तर दोघांचाही गोंधळ होतो. विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्ड मराठीवर आणा, विंडोज आणि एच दाबा, बोला. झालं की पुन्हा विंडोज आणि एच, कीबोर्ड इंग्रजीवर, आणि अल्ट-शिफ्ट-बी ने व्हॉइस अ‍ॅक्सेस जागं करा. म्हणजे यात चार-पाच वेळा कळा दाबाव्या लागतात. ज्यांचा एक हात थोडाफार चालतो त्यांना हे जमतं, दोन्ही हात चालत नसतील तर नाही. मराठी माणसासाठी ही खरीखुरी उणीव आहे आणि ती भरून निघायला हवी. संगणकाला आपल्या भाषा ऐकायला शिकवता याव्यात म्हणून केंद्र सरकारच्या भाषिणी उपक्रमात 'भाषादान' नावाखाली आपला आवाज नोंदवून देता येतो. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या अशाच आवाजांच्या संग्रहातही मराठी आहे. तुमची बोली वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी अशी काही असेल, तर तुमच्या तोंडची मराठी या संग्रहांमध्ये पोचणं जास्तच गरजेचं आहे.

लांब मराठी पत्र लिहायचं तर मी गुगल डॉक्स उघडते. क्रोममध्ये टूल्स या मेनूत व्हॉइस टायपिंग आहे, त्यात भाषा मराठी निवडायची. गुगलने बोलून लिहिण्याच्या यादीत मराठी ऑगस्ट २०१७ मध्ये घेतली, बंगाली, गुजराती, तमिळ, तेलुगूसारख्या भाषांबरोबर. एक-दोन परिच्छेद बोलायचे, तपासायचे आणि तिथून उचलून मेलमध्ये टाकायचे. विरामचिन्हं बहुतेक वेळा नंतर घालावी लागतात. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांची अदलाबदल, जोडून आलेली अव्ययं, आणि मराठी वाक्यात आलेली इंग्रजी नावं, एवढं मात्र डोळ्यांखालून घाला.

तपासताना ऐकणं जमत असेल तर एज ब्राउझरमध्ये 'प्रेस कंट्रोल शिफ्ट यू' म्हणा, पान मोठ्याने वाचून दाखवलं जातं. त्यात मराठीचे आरोही आणि मनोहर हे दोन आवाज आहेत आणि ऐकायला बरेच नैसर्गिक आहेत. कानात हेडफोन हवाच, नाहीतर स्पीकरमधून येणारा आवाज माईक पुन्हा ऐकतो.

पासवर्ड, ओटीपी, चित्रांची कोडी

पासवर्ड मोठ्याने बोलू नका. घरात एकटे असलात तरी ती सवय वाईट. ब्राउझरला किंवा पासवर्ड मॅनेजरला तो लक्षात ठेवू द्या, आणि जिथे पासकीची सोय आहे तिथे पासकी करून घ्या, म्हणजे चेहरा दाखवून किंवा बोट टेकवून काम भागतं. ओटीपी बोलायला हरकत नाही, तो काही मिनिटांत निकामी होतो, फक्त आकडे एकेक करून म्हणा.

'मी रोबो नाही'च्या चित्रांच्या कोड्यावर आकडे नेहमी येत नाहीत, तिथे 'शो ग्रिड' कामाला येतं. वेळेची मर्यादा असलेल्या फॉर्मवर मात्र याने दमछाक होते. असा फॉर्म भरायचा असेल तर लागणारी माहिती आधी एका कागदपत्रात लिहून ठेवा आणि तिथून एकेक उचलून टाका.

फोनवर

अँड्रॉइडवरच्या सोयीचं नावही व्हॉइस अ‍ॅक्सेसच आहे, पण ते गुगलचं वेगळं अ‍ॅप आहे. प्ले स्टोअरमधून घ्या आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन चालू करा. 'ओपन जीमेल', 'टॅप कंपोज', 'स्क्रोल डाउन', 'गो बॅक', 'शो नंबर्स', थांबवायला 'स्टॉप लिसनिंग'. संगणकावरचं शिकलात तर हे एका दुपारीत येतं. आयफोनवर आणि मॅकवर व्हॉइस कंट्रोल आहे, दोन्हींवर २०१९ मध्ये आलं. आयफोनवर ते अ‍ॅक्सेसिबिलिटीतच सापडेल, झोपवायला 'गो टू स्लीप' आणि उठवायला 'वेक अप'. नुसतं मराठी लिहायचं असेल आणि बोट टेकवणं जमत असेल, तर जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी जोडून माईकचं चिन्ह दाबणं हा सगळ्यात सोपा मार्ग.

घसा सांभाळा

मनगटं वाचवता वाचवता घसा बसलेली माणसं मी पाहिली आहेत. दर अर्ध्या तासाने थांबा, पाणी जवळ ठेवा. आज्ञा ओळखली गेली नाही की आपण नकळत आवाज चढवतो. तसं झालं की माईक झोपवा आणि दोन मिनिटं गप्प बसा. सर्दी झालेल्या दिवशी चुका वाढतात, त्या दिवशी नुसतं वाचन करा.

हात बसला की स्वतःच्या आज्ञा बनवा

साधारण पंधरवड्याने, वरचं सगळं सवयीचं झाल्यावर, 'क्रिएट व्हॉइस शॉर्टकट' म्हणा. एक खिडकी उघडते. त्यात तुमच्या आज्ञेला नाव द्यायचं आणि ती म्हटल्यावर काय घडावं ते ठरवायचं: एखादं संकेतस्थळ उघडणं, एखादी फाइल उघडणं, कळा दाबणं, किंवा तयार मजकूर चिकटवणं.

हा शेवटचा पर्याय आपल्यासाठी फार मोलाचा आहे, कारण चिकटवायचा मजकूर मराठीत असू शकतो. माझ्याकडे 'माय रिसिव्ह्ड' अशी आज्ञा आहे. ती म्हटली की मेलमध्ये येतं: 'आपला मेल मिळाला. कागदपत्रं पाहून दोन दिवसांत कळवते.' 'माय अ‍ॅड्रेस' म्हटलं की देवनागरीत पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. 'माय क्लोजिंग' म्हटलं की 'कळावे, आपली नम्र' आणि खाली नाव. वर सांगितलेला कळा दाबण्याचा द्राविडी प्राणायाम रोजच्या निम्म्या मेलमध्ये यामुळे टळतो, आणि ज्यांना एकही कळ दाबता येत नाही त्यांनाही मराठीत उत्तर पाठवता येतं. आज्ञेचं नाव दोन-तीन शब्दांचं आणि एरवी बोलण्यात न येणारं ठेवा, म्हणून मी प्रत्येकीच्या आधी 'माय' लावते. गेल्या महिन्यातले पाठवलेले मेल उघडून बघा, कुठली वाक्यं तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिता ते सापडेल. पहिल्या पाच आज्ञा त्यांच्याच करा, आणि मजकूर पहिल्या वेळी घरातल्या कुणाकडून टाइप करून घ्या.